यकृताचा वरचा कोपरा

दादा, काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, पत्रावळी उचलल्या गेल्या, आणि पमाआत्यानं मला ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन विचारलं, "सुषे, परवा मी लातूरला येनारच हाय. आलेच हाय तर माझं बी पोट बघून टाकतीस का?" तिच्या तोंडात अजून तुझ्या तेराव्याचा लाडू होता.

मी तिला म्हणाले, ये. पण उपाशीपोटी ये, काउंटरवर नाव लिही, आणि टेबलावर पडल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. आत्या रुसली. "आता घरच्या मानसाला बी नाव लिव्हायला लावतीस व्हय," म्हणाली आणि ताक मागायला निघून गेली. तिचं काही चुकलं नाही. घरच्या माणसाचं नाव लिहायचं नसतं, हा नियम तूच घालून दिलेला. हा सगळा तुझा उद्योग आहे, दादा, आणि आता तो निस्तरायला मी एकटी उरले आहे.

लातूरला माझं सोनोग्राफीचं सेंटर सुरू झालं तेव्हा तू चाकूरजवळच्या शाळेत हेडमास्तर होतास. नात्यातल्या प्रत्येक घरी जाऊन तू दवंडी पिटलीस की आपली सुषी आता माणसाच्या आत बघते, आणि आपल्याला फुकट बघते. झालं. कुणी लग्नाचा बस्ता बांधायला लातूरला यायचं, कुणी पोराला क्लासला घालायला, कुणी कोर्टाच्या तारखेला. काम उरकलं की सगळे माझ्या टेबलावर. "आलोच हाय तर." गरोदर बाई असली तर फॉर्म भरल्याशिवाय मी प्रोबला हात लावत नाही, हे तुलाही माहीत होतं. पण बाकीच्यांचं ना नाव, ना नोंद, ना एखादं चित्र जपून ठेवलेलं. बाहेरच्या पेशंटला मी पंधरा मिनिटं देते आणि तोंडातून कामाशिवाय शब्द काढत नाही. तुम्हा लोकांना पाच मिनिटं, चहा, आणि वर सगळ्या गावाच्या बातम्या.

तुझ्यावर चिडायला मला इतकी कारणं आहेत की कुठून सुरू करू कळत नाही. गुळवेलीच्या काढ्यापासून करू? औषधाच्या गोळ्या तू उशीखाली ठेवायचास आणि वहिनीला घेतल्या म्हणून सांगायचास, तिथून करू? की "मी आयुष्यात सुपारीचं खांड खाल्लं न्हाई, मला कसा लिव्हरचा कॅन्सर होईल" या तुझ्या वाक्यापासून? हे वाक्य तू मला, तुझ्या अमोलला, हैदराबादच्या डॉक्टरांना आणि एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही ऐकवलंस. दारू न पिणाऱ्याच्याही यकृतात चरबी साठते, साखर असलेल्यांच्या तर हमखास साठते, आणि वर्षानुवर्षं साठलेल्या चरबीतून पुढे हे होऊ शकतं, हे मी तुला चित्र काढून सांगितलं होतं. तू म्हणालास, "चित्र चांगलं काढलंस. शाळेत असताना येत नव्हतं."

पण खरं कारण हे नाही. खरं कारण भाऊबीजेचं आहे, अडीच वर्षांपूर्वीच्या.

तू सकाळीच आलास. वर माझ्या घरी ओवाळणीचं ताट तयार होत होतं आणि खाली सेंटर सुट्टीमुळे रिकामं होतं. तूच म्हणालास, "चल, तवर बघून टाक. तुझी वैनी लई काळजी करायली, साखर वाढली म्हणून." मी मशीन चालू केलं. तू शर्ट वर करून आडवा झालास आणि बोलायला लागलास. उदगीरची मुलगी सांगून आली होती अमोलला, त्या स्थळाबद्दल. मुलीचे वडील कसे, आजोळ कुठलं, पत्रिका बघायची की नाही. मी जेली लावली आणि प्रोब फिरवत राहिले, आणि मीही बोलत राहिले, कारण मलाही ते स्थळ आवडलं होतं.

यकृताचा वरचा कोपरा बरगड्यांच्या आत लपलेला असतो, छातीच्या पडद्याला चिकटून. तो सहजासहजी दिसत नाही. पेशंटला सांगावं लागतं, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा. मग फुप्फुस फुगतं, यकृत खाली सरकतं, आणि तो कोपरा क्षणभर समोर येतो. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही. मी तुला म्हणायला हवं होतं, दादा, गप्प बस, श्वास घे. बाहेरच्या कुठल्याही पेशंटला म्हटलं असतं, आणि नाही ऐकलं तर ओरडले असते. तुला म्हटलं नाही. वरून हाक आली, ताट तयार आहे म्हणून. मी तुझं पोट पुसायला कागद दिला. "लिव्हरमध्ये चरबी आहे, गोड कमी कर," म्हणाले. तू विचारलंस, "बाकी?" मी म्हणाले, "बाकी ठीक." आणि आपण दोघं जिना चढून वर गेलो आणि तू चार करंज्या खाल्ल्यास.

ते "बाकी ठीक" तू पुढे दीड वर्षं सगळीकडे दाखवत फिरलास. चाकूरचे तुझे साखरेचे डॉक्टर म्हणाले, एकदा सोनोग्राफी करून घ्या, तर तू त्यांनाच सुनावलंस की माझ्या सख्ख्या बहिणीनं बघितलंय. ते बिचारे पुढे काय बोलणार!

मग अमोलचं लग्न झालं आणि लग्नाच्या फोटोत मला तुझी कॉलर सैल दिसली. त्या वेळी मी तुला बोलावून घेतलं, नाव लिहिलं, दार लावलं आणि म्हटलं, श्वास घे, धर. तिथं होती ती गाठ. मोसंबीएवढी, पांढरीशुभ्र चकाकणारी, बरोबर त्या वरच्या कोपऱ्यात. मी प्रोब हलवायचं विसरले. तू विचारलंस, "काय गं, जीव गेला का मशीनचा?"

त्याच दुपारी सीटी केला. तू माझ्या खुर्चीमागे उभा राहून पडदा बघत होतास, जसा शाळेत पोरांच्या वहीत डोकावायचास. मी गाठीवर गोल काढला, आकडा आला, वजाचा. मी मूर्ख, तुला समजावत बसले की या मापात पाणी म्हणजे शून्य, मांस शून्याच्या वर आणि चरबी शून्याच्या खाली. तू एकदम मोकळा झालास. "म्हंजे चरबी हाय ना?" असं म्हणून बाही वर केलीस आणि दंडावरच्या तुझ्या चरबीच्या गाठी दाखवल्यास. तीन या हातावर, दोन त्या हातावर, एक पाठीत. शाळेतल्या पोरांना तू त्या दाबू द्यायचास. "ही सातवी. ह्या वीस वर्षं माझ्यासंगं हायत, ही बी राहील." आणि तू बाहेर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलंस की काही नाही, चरबी आहे.

मी तुझ्यामागे धावले. तुला सांगितलं की यकृतातल्या काही गाठी खरंच तशा असतात, नुसती चरबी, किंवा चरबी आणि रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि त्या कुणाचं काही बिघडवत नाहीत. पण यकृताचा कर्करोगही कधीकधी अंगात चरबी बाळगतो. चरबी दिसली म्हणजे काही वर्तणुकीचा दाखला मिळाला असं नाही. ज्याच्या यकृताला आधीच त्रास आहे त्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. एमआरआय करावा लागेल, कदाचित तुकडा काढून तपासावा लागेल. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "पाण्याचं माप शून्य, चरबीचं वजा, हे तूच म्हनलीस. मग कॅन्सरचं माप किती?" मी म्हणाले, त्याला असं एक माप नसतं. तू म्हणालास, "मग तुमचं शास्त्रच अर्धं कच्चं हाय. पेरण्या होऊ दे, मग बघू."

सहा आठवडे, दादा. सोयाबीन उगवून वर आलं तरी तू आला नाहीस. मी फोन केला की तू विषय बदलायचास. शेवटी मी गाडी घेऊन चाकूरला आले आणि अमोलनं आणि मी तुला जवळपास उचलून नांदेडला नेलं. माझ्या मशीनवर का नाही म्हणून तू अहमदपूरपर्यंत भांडलास. सख्ख्या भावाचं चित्र सख्ख्या बहिणीनं वाचू नये, एवढं तरी मला कळत होतं. नांदेडला माझी वर्गमैत्रीण वीणा आहे, तिचा डोळा माझ्यापेक्षा स्वच्छ. लोह्याला चहाला थांबलो तर तू टपरीवाल्याला विचारलंस, "इथून नांदेडला जाऊन कोनी बरं होऊन आलंय का?" तो म्हणाला, "लई जन जातेत, मास्तर. परत येताना चहा प्यायला थांबत न्हाईत." तू हसत सुटलास. मला दोघांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

तुझा एमआरआय होताना मी काचेमागे वीणाच्या शेजारी बसले होते. मशीनमधली ती रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा. तू दर वेळी धरलास, शहाण्या विद्यार्थ्यासारखा. चित्रं यायला लागली. एकाच गाठीची दोन चित्रं शेजारी शेजारी लावतात, क्षणाच्या अंशानं मागेपुढे टिपलेली. चरबी असली की ती एकात उजळ दिसते आणि दुसऱ्यात काळी पडते. तुझी गाठ मधोमध काळी पडली. चरबी होती, तुझं बरोबर होतं. पण तिच्या कडेला चंद्रकोरीएवढा भाग होता, त्यात चरबी नव्हती. रंगद्रव्य सोडलं तसा तो भाग सगळ्यांच्या आधी पेटला आणि सगळ्यांच्या आधी विझला; कर्करोगाची ही खूणच.  वीणानं माझी खुर्ची मागे ओढली आणि म्हणाली, "सुषमा, तू बाहेर बस."

मग तिनं आपल्या तिघांना आत बोलावलं. सगळं नीट सांगितलं, आणि मग रिपोर्टसाठी विचारलं, "आधीची काही तपासणी आहे का? तुलनेला?"

आमच्या धंद्यात निम्मं काम तुलनेचं आहे. गाठ दोन वर्षांपूर्वी होती का, होती तर केवढी होती, यावर डॉक्टर तिची चाल ओळखतात. मी तोंड उघडलं. मी खरंच उघडलं होतं, दादा. मी सांगणार होते की एक तपासणी झाली आहे, पण तिला तपासणी म्हणू नका, तो कोपरा मी बघितलाच नव्हता, आणि जे बघितलं त्याचं एकही चित्र नाही. तेवढ्यात तू बोललास. "केल्ती की. हिनंच केल्ती, भाऊबीजेला. तवा काईच नव्हतं. एकदम क्लीन." अमोलनं मान डोलावली. वीणानं टाइप केलं: पूर्वीच्या सोनोग्राफीत गाठ नव्हती, रुग्ण आणि नातेवाइकांकडून मिळालेली माहिती.

मी ते वाक्य वाचलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या रिपोर्टमधला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मी त्यांना उभं करते. ते वाक्य मी तसंच राहू दिलं. पुढे उपचाराला गेलो त्या हैदराबादच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, फार वेगानं वाढलेली दिसते, म्हणजे आक्रमक आहे. त्यावरून त्यांनी पुढचं सगळं ठरवलं. त्यानं उपचारात काही फरक पडला का, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. विचारायचं कसं? विचारलं की पहिलं वाक्य माझ्याबद्दलचं निघतं.

आणि तुझ्याशी आठ महिने मी कशावर भांडत होते? काढ्यावर. मिठावर. तू पायाला सूज असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलास त्यावर. तुला रविवारी भेटायला आले की पहिला अर्धा तास मी ओरडायचे आणि मग तू म्हणायचास, "झालं का? आता संत्रं सोल."

एक गोष्ट मला तुझ्या तोंडावर कधी म्हणता आली नाही, ती आता लिहिते. मी डॉक्टर झाले ती तुझ्यामुळे. आबा म्हणत होते, डी.एड. कर, गावात नोकरी लागेल. तू त्यांच्याशी चार दिवस बोलला नाहीस, आणि पाचव्या दिवशी मला घेऊन मेडिकल कॉलेजसाठी अंबाजोगाईच्या एसटीत बसलास. सुट्टीत घरी आले की तू माझं शरीररचनेचं जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचास. इंग्रजी वाचताना तुझी जीभ अडखळायची, पण बोट ठेवून तू माझं पाठांतर तपासायचास. यकृताचे आठ भाग तू माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलेस की तुझेही पाठ झाले. सातवा आणि आठवा चुकला की तू म्हणायचास, "वरचे दोन इसरतीस तू. पडद्याखालचे." माझ्यावर एवढी मेहनत दुसऱ्या कुणीच घेतली नाही, दादा. कॉलेजातल्या मास्तरांनीही नाही.

आज सकाळी वहिनी तुझे कपडे वेगळे करत होती. मी घड्या घालत होते. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, एक सांगू का? ह्यांनी सांगू नको म्हनलं होतं."

मी म्हटलं, सांग.

"नांदेडहून आले त्या दिवशी म्हनले, मशीनमदी इतक्या येळा श्वास धरायला लावला. सुषीनं भाऊबीजेला एकदा बी न्हाई लावला. तिला वरचे दोन दिसलेच नसतील." वहिनीनं तुझा बनियन झटकला. "मी म्हनलं, मग इचारा की तिला. तर म्हनले, कशाला? तिचं तिला म्हाईत हाय. मी डॉक्टरीनबाईला क्लीन हाय म्हनून सांगितलं, आता तो इषय संपला. तू बी बोलू नको."

म्हणजे तुला माहीत होतं! तू त्या खोलीत मध्ये बोललास ते अडाणीपणानं नाही, जाणूनबुजून. मी आठ महिने समजत होते की माझा भाऊ भोळा आहे आणि माझ्यावर आंधळा विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाखाली मी दर रविवारी चिरडून जात होते. आणि तू पलंगावर पडून मला पास करून बसला होतास! स्वतःच्या पोराला सहामाहीत दोन मार्कांनी नापास केलेलास तू. आबांनी हात जोडले तरी एक मार्क वाढवला नव्हतास. मला कशाला ग्रेस दिलेस? मी मागितले होते का? माझा पेपर माझ्या हातात तरी द्यायचास. तू विचारलं असतंस तर मी रडले असते, पाया पडले असते, तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि आपण दोघं त्यातून बाहेर पडलो असतो. तू मला माफ केलंस आणि सांगितलं नाहीस. असली कसली रे माफी?

वहिनी म्हणाली, "रडू नका ताई, त्यांना राग नव्हता." मला तेच तर सहन होत नाही, हे तिला कसं सांगू?

दुपारी मी अमोलला गच्चीवर बोलावलं. सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा तिलाही बसवून घेतलं, तिनंही ऐकावं म्हणून. मी सगळं सांगितलं, भाऊबीजेपासून वीणाच्या त्या वाक्यापर्यंत. कसलंही कारण पुढे केलं नाही. ताटाची हाक आली होती, हेसुद्धा सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर ते कारण झालं असतं.

अमोल कठड्याला टेकला. मग त्यानं विचारलं, "तेव्हा होती का गाठ, आत्या?"

"माहीत नाही. असेलही. नसेलही. मी बघितलं नाही, म्हणून आता कुणालाच कळणार नाही."

"दिसली असती तर?"

"लहान असती तर कदाचित काढता आली असती."

तो चिडला नाही. मी त्याच्या चिडण्याची वाट बघत होते, पण तो तुझ्यासारखाच निघाला. त्यानं चहाचा कप सूनबाईच्या हातात दिला आणि एकच विचारलं, अगदी साध्या आवाजात. "बाबांना का नाही सांगितलंस?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे का, दादा? मी म्हणाले, "वेळ मिळाला नाही रे."

आठ महिने. दर रविवारी तुझ्या पलंगाला पाय लावून बसले होते मी. वेळ मिळाला नाही म्हणे.